पाच नंबरची नाडी

"डाव्या हातानं प्रसाद घेत न्हाईत," असं म्हणून अण्णांनी उजव्या हाताच्या बोटाला लावलेला नाडीचा चिमटा काढला आणि चादरीवर ठेवून दिला.

"अण्णा, तो काढायचा नसतो," मी म्हटलं.

"खोबऱ्याचा तुकडा तर हाय. तेवढ्यात मी कुठं जातोय?"

सुतार सिस्टर तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून 'जाऊ दे' अशी मान हलवली. एवढ्यात वॉर्डाच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटरचा पडदा टीं टीं करून ओरडायला लागला. मी पाच नंबरच्या रेघेकडे पाहिलं, कारण पाच नंबर म्हणजे अण्णांची खाट. ती रेघ निवांत चालली होती. ओरडत होता तो दोन नंबर.

"चाचा, चिमटा सुटलाय बघा," म्हणत सिस्टर समोरच्या दोन नंबरच्या खाटेकडे वळल्या. तिथं रझियाबी मोमीन झोपल्या होत्या आणि उशाशी स्टुलावर त्यांचे मालक, दस्तगीरचाचा, बसले होते. सिस्टरांनी रझियाबींचा चिमटा दाबून नीट बसवला. इकडे अण्णांनी खोबरं चावून संपवलं, बोटं चादरीला पुसली आणि आपला चिमटा परत लावला. पडदा गप्प झाला.

"झालं," सिस्टर म्हणाल्या. "आता प्रसाद घ्या तुम्ही पण."

मला मात्र काहीतरी खटकलं होतं. अण्णांचं बोट रिकामं असतानाही पाच नंबरची रेघ चालूच होती. मग वाटलं, यंत्र जुन्या आकड्यावर थोडा वेळ रेंगाळत असेल. माणसाला मनाजोगतं कारण सापडलं की शोध तिथंच थांबतो, तसा माझाही थांबला. मी प्रसाद घेतला.

अण्णा म्हणजे माझे वडील, भूपाल मगदूम. इचलकरंजीत जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग ज्यांचा हात लागला की पुन्हा धावतो ते. जन्म मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं. त्याच्या दोनच दिवस आधी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि मी पुण्याहून मिळेल त्या गाडीनं आले. पुण्यात मी एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचे. अण्णा लोकांना सांगायचे, "आमची त्रिशला पण जॉबरच हाय, फक्त तिच्या मागावर कापड निघत न्हाई."

हॉस्पिटल एका ट्रस्टचं होतं, लहानसं. हृदयाच्या वॉर्डात सहा खाटा, त्यातल्या पाच भरलेल्या. नाडी दाखवणारे पडदे खाटेजवळ नव्हते. डॉक्टर नेजे यांचं म्हणणं असं, की रुग्ण आपल्याच नाडीकडे टक लावून बसतात आणि त्या धास्तीनं ती आणखी पळते. म्हणून प्रत्येकाच्या बोटाला चिमटा, चिमट्याची वायर खाटेखालच्या डबीत, आणि डबीतून निघालेली वायर भिंतीवरून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपर्यंत. तिथल्या पडद्यावर सगळ्यांच्या रेघा एकाखाली एक, शेजारी खाटेचा नंबर आणि नाडीचा आकडा. हेच चित्र खाली डॉक्टरांच्या केबिनमध्येही दिसायचं. देशिंगकर नावाच्या एका इंजिनिअरनं हे सगळं स्वस्तात जमवून दिलं होतं आणि ट्रस्टच्या लोकांना त्याचं भारी कौतुक होतं.

त्या दिवशी खंडेनवमी होती, हत्यारं-यंत्रं पुजायचा दिवस. आमच्या गावात खंडेनवमीला सगळे माग बंद असतात. एरवी कानात भरून राहिलेला आवाज एकदम थांबतो आणि बाहेरून आलेल्या माणसाला आपण बहिरे झालो की काय असं वाटतं. सकाळी मी आंघोळीला घरी गेले होते तेवढ्यात वॉर्डातली पूजा उरकली होती. परत आले तर बीपीच्या यंत्रापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं, वर झेंडूची फुलं. अण्णांची कळी खुलली होती. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना घरच्यासारखं वाटत होतं.

प्रसाद वाटून झाल्यावर पाच नंबरची नाडी उतरायला लागली.

मी पडद्यासमोरच उभी होते. आकडा साठाच्या खाली आला. अण्णांना डुलकी लागली असेल म्हणून वळून पाहिलं, तर ते दस्तगीरचाचांना एका मालकाच्या मागाची कथा सांगत होते. चाचाही सगळा जन्म मागावरच राबलेले. पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"हिला अशी झोप लागत न्हाई कधी," ते म्हणाले. "हाक मारली तर हूं सुद्धा करंना."

"चाचा, दोन नंबरची नाडी बघा की," सिस्टर म्हणाल्या. "अठ्ठ्याहत्तर. माझ्यापेक्षा बरी आहे. झोपू द्या त्यांना, दोन रात्री तळमळल्यात."

चाचांनी पडद्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि ते पुन्हा स्टुलावर बसले. शिकलेली बाई यंत्राकडे बोट दाखवून सांगते म्हटल्यावर ते तरी काय बोलणार.

पाच नंबर पन्नासच्या खाली गेला. मी सिस्टरांना हाक मारेपर्यंत टेबलावरचा फोन वाजला. डॉक्टर खालून बोलत होते. सिस्टर "हो सर, हो सर" एवढंच म्हणत होत्या, पण बोलता बोलता त्यांनी दुसऱ्या हातानं कपाट उघडलं होतं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"नाडी वर आणायचं इंजेक्शन द्यायचंय अण्णांना. सर येतायत वर, पण थांबू नका म्हणाले."

"पण ते बोलतायत. चांगले बोलतायत."

"बोलता बोलताच होतं बाई कधी कधी," सिस्टर म्हणाल्या आणि सुई भरायला लागल्या. त्यांचा हात स्थिर होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी खाटेशी गेले. अण्णांनी सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांची गोष्ट अर्ध्यात थांबली. "कशाचं हे?" त्यांनी विचारलं. मी नुसता त्यांचा हात धरला. डॉक्टरी मला काही येत नाही. भीतीनं हात धरावा तसा धरला होता. पण माझा अंगठा त्यांच्या मनगटावर पडला आणि खाली नाडी लागली. टप टप टप, नेटकी चाललेली. मी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. पाच नंबरची रेघ एकदा उंच उडायची आणि मग बराच वेळ सपाट राहायची. तेवढ्या वेळात माझ्या अंगठ्याखाली दोनदा ठोका पडायचा.

मी अण्णांच्या बोटाचा चिमटा ओढून काढला.

पडदा ओरडला. दोन नंबर ओरडला.

"अहो, चिमटा का काढलात?" सिस्टर चिडल्या.

"सिस्टर, थांबा. सुई देऊ नका. पाचची रेघ बघा."

"बघितली की, म्हणून तर—"

"चिमटा माझ्या हातात आहे. चिमट्यात बोट नाही. आणि रेघ चालू आहे."

सिस्टरांनी माझ्या हाताकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि सुई सावकाश खाली घेतली. डॉक्टर नेजे तेवढ्यात जिना चढून धापा टाकत आले होते. त्यांनी एक शब्द न बोलता अण्णांचं मनगट धरलं, घड्याळात पाहिलं आणि मोजलं.

"अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. मग सिस्टरांच्या हातातल्या सुईकडे त्यांची नजर गेली. "परवा झटका आलेल्या हृदयाला हे दिलं असतं तर..."

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. सुटले, असं वाटलं. ती लंगडी रेघ अण्णांची नाही, अण्णा ठणठणीत आहेत. मी खाटेच्या कठड्याला टेकले. आणि त्याच वेळी पडद्यावर पाच नंबरचा आकडा चाळीसच्या खाली गेला.

"मग ही नाडी कुणाची?" डॉक्टर म्हणाले.

यंत्र खोटी रेघ काढत नव्हतं. ती या वॉर्डातल्याच कुणाच्या तरी बोटातून येत होती. पाच खाटा, पाच माणसं, आणि त्यातलं एकजण आमच्या डोळ्यांदेखत बुडत होतं.

"डॉक्टर," दस्तगीरचाचा उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी. "ही उठत न्हाई."

डॉक्टरांनी रझियाबींच्या मनगटावर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली, किंवा मला तसं वाटलं. मग मान वर न करता म्हणाले, "सिस्टर, तेच इंजेक्शन. इथं."

अण्णांसाठी भरलेली सुई रझियाबींना टोचली गेली. त्यानंतर आम्ही सगळे दोन नंबरच्या बाईसाठी पाच नंबरच्या आकड्याकडे बघत उभे राहिलो. तो हलेना. चाचांचे ओठ हलत होते. मग आकडा दोनानं चढला, पुन्हा अडला, पुन्हा चढला. पन्नास ओलांडल्यावर रझियाबींनी डोळे उघडले आणि मालकाकडे पाहिलं.

"खाना खाए?" त्यांनी विचारलं.

"हौ, खाया," चाचा म्हणाले. सकाळपासून त्यांच्या पोटात खोबऱ्याच्या तुकड्याशिवाय काही गेलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी मिरजेला फोन करून ॲम्ब्युलन्स मागवली. रझियाबींना तिथं नेऊन हृदयाला चालना देणारं यंत्र बसवावं लागणार होतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांच्यावरून नजर हलवायची नव्हती. मग डॉक्टर वळले, आणि एवढा वेळ दाबून ठेवलेला राग बाबासो वायरमनवर निघाला. बाबासो हॉस्पिटलच्या विजेचं सगळं बघायचा. दारात उभा राहून तो हे सगळं बघत होता.

"वायरी उलट्यासुलट्या लावल्यास ना? पूजेच्या नादात?"

"न्हाई सर. पोराशपथ न्हाई." बाबासोचा चेहरा पडला होता. "प्रत्येक वायरीला रंगाचा दोरा बांधला, खोबणीला त्याच रंगाचा बांधला, मगच पुसायला काढली. तुम्ही सोता बघा."

मी कॉम्प्युटरच्या मागे वाकले. पाठीमागे नेटवर्कच्या खोबण्यांची रांग होती, प्रत्येक खाटेला एक. लाल दोऱ्याला लाल दोरा, हिरव्याला हिरवा. एकही वायर चुकलेली नव्हती. मी पडद्यावरचं झेंडूचं फूल बाजूला केलं आणि विचारलं, "बाबासो, वायरी काढल्या म्हणजे कॉम्प्युटर बंद केला होता?"

बाबासोनं सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी तबकाकडे पाहिलं.

"केला होता जरा वेळ," बाबासो म्हणाला. "खंडेनवमी न्हवं का."

देशिंगकरांचा फोन लागायला वेळ लागला. मागे पोरांचा आणि जेवणाच्या ताटांचा आवाज येत होता. मी काय झालं ते सांगितलं आणि पासवर्ड मागितला.

"बंद कुणी केला?" त्यांनी आधी हेच विचारलं. "कधीच बंद करायचा नाही म्हणून मी बजावलं होतं."

"का नाही करायचा?"

"केला की खाटांचे नंबर कधी कधी इकडचे तिकडे होतात."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मॅडम, म्हणून तर बंद करू नका म्हटलं होतं."

"आणि लाईट गेली असती तर?"

"यूपीएस दिलाय की," ते म्हणाले. पासवर्ड सांगून, वर दसऱ्याच्या शुभेच्छा देऊन त्यांनी फोन ठेवला. मी हातातल्या फोनकडे बघत राहिले. इतका संताप मला क्वचितच आला असेल.

आत शिरल्यावर सगळं उघड झालं. तो कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा. चालू होताना लिनक्स प्रत्येक नेटवर्क कार्डाला, म्हणजे मागच्या एकेका खोबणीला, ईथ-एक, ईथ-दोन असं एक नाव देतं, आणि त्या काळच्या त्या मशीनवर ही नावं हजेरीच्या क्रमानं मिळायची. शाळेच्या पहिल्या दिवशी जो आधी वर्गात शिरेल तो पहिल्या बाकावर, तसं. ईथ-एक म्हणजे खाट एक, ईथ-दोन म्हणजे खाट दोन, असं देशिंगकरांनी गृहीत धरून टाकलं होतं. यंत्र बसवल्यापासून एकदाही बंद झालं नव्हतं, म्हणून ते गृहीत चालून गेलं. आज खंडेनवमीनं ते पहिल्यांदा झोपलं, आणि उठलं तेव्हा कार्डं वेगळ्या क्रमानं वर्गात शिरली. दोनच्या बाकावर पाच बसला, पाचच्या बाकावर दोन.

"डॉक्टर, वायरी बरोबर आहेत," मी म्हटलं. "बाबासोची काही चूक नाही. बंद करून चालू केल्यामुळे नावं बदलली."

"पण बंद करायची अवदसा आठवली कुणाला?"

बाबासोनं परत सिस्टरांकडे पाहिलं.

"मला," अण्णा म्हणाले.

त्यांच्या आवाजाला त्या दिवशी पहिल्यांदा धार नव्हती. "सिस्टर चालत्या यंत्राला कुंकू लावत होत्या. मी म्हटलं, असं करत न्हाईत. वर्षभर राबतंय, आजच्या दिवशी थोडा वेळ तरी निजू दे त्याला. सिस्टर नको म्हणत होत्या. मीच हट्ट धरला." मग त्यांनी समोर पाहिलं. "चाचा, चूक माझी हाय."

दस्तगीरचाचा बायकोच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले. अण्णांनी मान खाली घातली. त्यांचा चेहरा एवढासा झालेला मी तोवर कधी पाहिला नव्हता, आणि मला ते बघवेना.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "पडद्यावर चिठ्ठ्या चिकटवू. पाच म्हणजे दोन, दोन म्हणजे पाच. उद्या तो इंजिनिअर बघेल."

"आणि आज लाईट गेली तर? पुढच्या वेळी क्रम आणखी तिसराच येईल. चिठ्ठ्या खोट्या ठरतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही."

"यूपीएस आहे ना?"

"बॅटरी मरायला टेकलीय सर," बाबासो हळूच म्हणाला. "गेल्या आठवड्यात सांगितलं होतं मी हापिसात."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मग काय करायचं म्हणता?"

"प्रत्येक कार्डावर एक पत्ता असतो. हार्डवेअर ॲड्रेस. कारखान्यातच दिलेला, हजार वेळा बंद-चालू केलं तरी तोच राहतो. लिनक्सला सांगायचं, नाव हजेरीवरून देऊ नको, पत्ता बघून दे. हा पत्ता दिसला की ती खाट एक, हा दिसला की खाट दोन. मग कुणी आधी येवो, कुणी नंतर."

"करा," डॉक्टर म्हणाले.

कोणत्या पत्त्याला कोणती खाट, हे आधी ठरवायचं होतं. सिस्टर एकेका खाटेशी जाऊन क्षणभर चिमटा काढायच्या आणि मी बघायचे, कोणत्या कार्डावरची नाडी थांबते. एक झाली, तीन झाली, चार झाली. तीन आणि चारच्या रेघा जागच्या जागीच होत्या. पाचला मी सिस्टरांना हात केला आणि अण्णांनी आपणच चिमटा काढून मुकाट्यानं वर धरला. रझियाबींच्या बोटाला हात लावू द्यायला डॉक्टर तयार नव्हते. तशी गरजही नव्हती. नाडी चालू असलेला एकच पत्ता उरला होता, तो त्यांचा.

मग मी ती फाईल लिहायला घेतली. पुण्यात असल्या फाईली मी चहा पिता पिता लिहायचे. इथं प्रत्येक पत्त्याची बारा अक्षरं टाइप करताना बोटं जड झाली होती. एक अक्षर चुकलं तर पुन्हा कुणाची तरी नाडी दुसऱ्याच्या नावावर. मी बाबासोला शेजारी बसवलं आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लावलं. त्यानं बोट ठेवून वाचलं, मी जुळवून पाहिलं, आणि मग आम्ही दोघांनी उलट्या बाजूनं पुन्हा वाचलं.

"झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"लिहून झालं. पण हे लागू झालं की नाही, ते बंद करून चालू केल्याशिवाय कळणार नाही."

रझियाबींच्या सलाईनचे थेंब पडत होते. ॲम्ब्युलन्स अजून वाटेत होती. आज चाललंय तसं चालू द्यावं आणि देवाचं नाव घ्यावं, असं माझ्याही मनात येऊन गेलं. देशिंगकरांनी तरी दुसरं काय केलं होतं?

"किती वेळ अंधार?" डॉक्टर म्हणाले.

"दोन-तीन मिनिटं. जास्तही लागतील."

"तेवढ्यात हिची नाडी पुन्हा बसली तर?"

"हात हाईत की," अण्णा म्हणाले. मान अजून खालीच होती. "मघाशी यंत्राला कळलं न्हाई, ते पोरीच्या हाताला कळलं. एकेकानं एकेकाचा हात धरा आणि करा बंद."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग चटकन हुकूम सोडायला लागले. एक नंबर सिस्टरांनी धरायचा. तीन बाबासोनं, कुठं बोटं ठेवायची ते त्याला दाखवून दिलं. चारच्या रुग्णाची सून होती, तिनं चार धरला. दोन नंबरला खुद्द डॉक्टर बसले. त्यासाठी दस्तगीरचाचांना स्टूल सोडावं लागलं.

मी कॉम्प्युटरपाशी होते. पाच नंबरला कुणीच नव्हतं.

चाचा वॉर्डाच्या मधोमध उभे राहिले. बायकोकडे पाहिलं, तिच्यापाशी डॉक्टर होते. मग ते चालत पाच नंबरच्या खाटेशी आले, कडेला टेकले आणि त्यांनी अण्णांचं मनगट आपल्या हातात घेतलं.

"चाचा, मी..." अण्णांनी सुरुवात केली.

"गप बसा," चाचा म्हणाले. "मोजू द्या."

मी कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला. त्याच्या आतल्या पंख्याची घरघर थांबल्यावर वॉर्डात बाहेरच्या गावासारखीच शांतता पसरली.

"एक चालू," सिस्टर म्हणाल्या.

"दोन चालू," डॉक्टर.

"तीन चालू हाय," बाबासो.

"चार चालू."

"पाच चालू," चाचा म्हणाले.

मी बटण दाबलं. पांढरी अक्षरं सरकायला लागली आणि मध्येच अडकली. इतके दिवस बंद न झालेलं यंत्र आता आधी आपली डिस्क तपासणार होतं. पडद्यावर टक्के मोजले जायला लागले, पण इतके सावकाश की मला ओरडावंसं वाटलं. मला थांबवता येत नव्हतं, घाई करता येत नव्हती. माझ्या पाठीमागे पाच आवाज पुन्हा पुन्हा फिरत होते. एक चालू. दोन चालू. एकदा डॉक्टरांचा "दोन" म्हटल्यावर आवाज थांबला आणि मी वळून पाहिलं. मग म्हणाले, "चालू. जरा मंद, पण चालू." त्याच्या मागून तीन, चार, आणि चाचांचा आवाज, "पाच चालू." बायकोचं ऐकूनही त्यांनी आपला नंबर चुकवला नाही. अण्णांचं मनगट त्यांनी सोडलं नाही.

टक्के संपले. कार्डं एकेक करून जागी झाली. पहिल्यांदा पाच आला, मग तीन, मग एक. क्रम पुन्हा वेगळाच होता. मी नावांकडे बघत होते. मागे येवो, पुढे येवो, प्रत्येकजण आपापलं नाव घेऊन बसत होता. पडद्यावर रेघा उमटल्या.

"चाचा, अण्णांचा चिमटा काढा," मी म्हटलं.

चाचांनी काढला. पडदा ओरडला. पाच नंबर ओरडला, आणि दोन नंबरची रेघ आपल्या मंद चालीनं चालत राहिली. त्या कर्कश आवाजानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पडदा ओरडत असतानाच ॲम्ब्युलन्सची माणसं आली आणि रझियाबींना घेऊन निघाली. चाचा जाता जाता अण्णांच्या खाटेशी थांबले. त्यांनी चिमटा उचलून अण्णांच्या बोटाला लावला आणि पडद्यावर पाच नंबर शांत झाल्याचं बघून निघाले. मिरजेत रझियाबींना पेसमेकर बसला, आणि त्यानंतरही त्या बरीच वर्षं चाचांना जेवलात का म्हणून विचारत राहिल्या.

पुढच्या खंडेनवमीला अण्णांनी सकाळीच टोपी घातली. "कुठं निघालात?" म्हणून आईनं विचारलं तर म्हणाले, "दवाखान्यात. यंत्र बंद करायला." तिथं चाचा आधीच येऊन बसले होते. सिस्टरांनी वॉर्डातल्या प्रत्येक खाटेशी एकेक माणूस बसवला, सगळ्यांनी मनगटं धरली, आणि मग बाबासोनं कॉम्प्युटर बंद करून त्याला कुंकू लावलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच झालं.

आता अण्णा नाहीत आणि चाचाही नाहीत. गेल्या खंडेनवमीला मी गावी होते, म्हणून सहज तिकडे गेले. वॉर्ड ओळखू येईना. प्रत्येक खाटेजवळ आता स्वतंत्र पडदा आहे, कोपऱ्यातला कॉम्प्युटर नवा आहे, सिस्टरही नवीन, तरुण. हातात तबक घेऊन ती सिस्टर रुग्णांचे हात धरायला माणसं गोळा करत होती.

"हात कशाला धरायचे?" मी मुद्दाम विचारलं.

"काय की," ती म्हणाली. "इथली पद्धत आहे. ताई, मोकळ्या आहात ना? पाच नंबर घ्या तुम्ही."

पाच नंबरवर एक अनोळखी म्हातारा होता. मी कडेला टेकून त्याचं मनगट धरलं. पडदे काळे झाले तसे त्याचे डोळे मोठे झाले.

"चालू हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"गप बसा," मी म्हटलं. "मोजू द्या."